सरवटे कोणते? सारख्या नावांचा गुंता आणि तो सोडवायच्या रीती

उन्हाळ्यात पुण्याहून भाचा आला होता. त्याला घेऊन उज्जैनला महाकालाचं दर्शन करून आलो आणि संध्याकाळी सरवटेला उतरलो. इंदुरात 'सरवटे बस स्टँड' असं पूर्ण कुणी म्हणत नाही, रिक्षावाल्याला नुसतं 'सरवटे' म्हटलं की पुरतं. भाच्याने पाटी वाचली, फोन काढला, दोन मिनिटं शोधाशोध केली आणि खुशीत म्हणाला, "मामा, १९४६ साली ओव्हलवर शतक मारणारे चंदू सरवटे ना हे? क्रिकेटपटूच्या नावाने बस स्टँड, भारीच!"

मी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि त्याला म्हटलं, "नाही रे, हे सरवटे वेगळे."

स्टँडला ज्यांचं नाव आहे ते विनायक सीताराम सरवटे. जुने इंदूरकर त्यांना तात्या सरवटे म्हणतात. स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते, मध्य भारतातून संविधान सभेवर गेलेले सदस्य, १९६६ साली पद्मभूषण मिळालेले. इंदुरात लहान मुलांच्या शिक्षणासाठी ज्यांनी आयुष्य घातलं त्या शालिनीताई मोघे त्यांच्याच कन्या. त्यांना १९६८ साली पद्मश्री मिळाली.

भाच्याला सापडलेले सरवटेही काही कमी मोठे नाहीत. चंद्रशेखर त्र्यंबक, म्हणजे चंदू सरवटे. जन्म १९२० साली सागरचा, पण क्रिकेट बहरलं ते होळकर संघातून, इंदुरात. भारतासाठी नऊ कसोटी खेळले. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात लंडनच्या ओव्हल मैदानावर सरे संघाविरुद्ध भारताचे नऊ गडी २०५ धावांत बाद झाले होते. दहाव्या क्रमांकावर सरवटे होते, अकराव्यावर शूट बॅनर्जी आले. लोक सामान आवरायच्या तयारीत असताना या दोघांनी २४९ धावांची भागीदारी केली. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१, संघाच्या ४५४. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या दोन्ही फलंदाजांनी एकाच डावात शतक ठोकण्याचा प्रथम श्रेणी क्रिकेटमधला हा एकमेव प्रसंग.

दोघेही सरवटे, दोघेही मराठी, दोघांचं कर्तृत्व इंदुराशी बांधलेलं. भाच्याने आडनाव घेतलं, गाव घेतलं आणि फोनने जो चेहरा आधी दाखवला तो पाटीवर चिकटवला. आपण सगळे हेच करतो. त्यात तात्यांचं नाव पाटीवर उरतं, पण त्या नावामागचा माणूस बदलून जातो. मला हे मनापासून खटकतं, म्हणून हा विषय जरा मुळापासून समजावून सांगावासा वाटला.

नावं इतकी जुळतात कशी?

आधी थोडं गणित. एका खोलीत २३ माणसं असतील तर त्यातल्या कुठल्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. ऐकून पटत नाही, कारण वर्षात दिवस ३६५ आणि माणसं फक्त २३. मेख अशी आहे की आपण मनात फक्त स्वतःची तारीख धरतो आणि बाकीच्या २२ जणांशी ताडून पाहतो. खरं तर प्रत्येकाला प्रत्येकाशी ताडून पाहायचं असतं. २३ माणसांत अशा जोड्या होतात २५३. एवढ्या जोड्यांमधून एखादी जुळली तर त्यात नवल कसलं?

नावांचंही तसंच. "माझ्या नावाचा दुसरा कोणी प्रसिद्ध माणूस असेल का?" हा प्रश्न वेगळा आणि "प्रसिद्ध माणसांमध्ये कुणाची तरी नावं जुळतील का?" हा वेगळा. दुसऱ्याचं उत्तर जवळजवळ नेहमीच 'हो' येतं. त्यात वाढदिवस वर्षभर साधारण सारखे पसरलेले असतात, नावं तशी नसतात. काही नावं हजारोंनी, काही एखाददुसरी. माझ्या पिढीच्या कुठल्याही वर्गात 'संजय' अशी हाक मारली की दोन-तीन माना वळायच्या. नंतर सचिन आणि अमोलचा जमाना आला, आता आरव आणि विहानचा आहे. एका काळात जन्मलेली मुलं एकाच वेळी शाळेत जातात, एकाच वेळी मैदानावर उतरतात, त्यामुळे नावंही थव्याने येतात. भारतीय क्रिकेटमध्ये थोड्याफार अंतराने तीन विजय येऊन गेले: मर्चंट, हजारे आणि मांजरेकर. आज विजय हजारे करंडक एकदिवसीय सामन्यांचा आणि विजय मर्चंट करंडक १६ वर्षांखालच्या मुलांचा, आणि बातमी घाईत वाचणारा हमखास एकाच्या जागी दुसरा धरतो. यातले हजारे बडोद्याचे. १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात त्यांनी २८८ आणि गुल महंमदने ३१९ धावा काढून ५७७ ची भागीदारी केली, तीही आमच्या होळकर संघाविरुद्ध. जुन्या इंदूरकरांपुढे नुसतं 'विजय' म्हटलंत तरी त्यांना कोणता विजय आठवेल हे सांगायला नको.

आवडत्या माणसाचं नाव मुलाला ठेवायची हौसही यात भर घालते. सचिन तेंडुलकरचं नाव संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलेलं. गावसकरांनी तर मुलाच्या नावात तीन क्रिकेटपटू गुंफले: रोहन जयविश्व. रोहन कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ.

पण आपल्याकडचं सगळ्यात जुनं कारण घरातलंच आहे. नातवाला आजोबांचं नाव. बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव, बाजीरावांचा मुलगा पुन्हा बाळाजी. होळकरांच्या गादीवर तुकोजीराव तीन झाले आणि यशवंतराव दोन. पहिले यशवंतराव म्हणजे १८०२ साली हडपसरच्या लढाईत शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेला हरवणारे, पुढे इंग्रजांशी झुंजणारे. दुसरे यशवंतराव १९०८ साली जन्मले, माणिकबाग राजवाडा त्यांनी बांधून घेतला आणि इंदुरातल्या एम. वाय. हॉस्पिटलच्या नावातले 'महाराजा यशवंतराव' ते हेच. एम. वाय.च्या दारातून रोज शेकडो माणसं आत-बाहेर करतात. त्यातल्या कुणाला विचारलं तर बरेच जण घोड्यावरचे यशवंतराव सांगतील, कारण गोष्टीतले यशवंतराव तेच.

दत्तक गेलं की नाव बदलायचं, हाही संस्थानांमधला रिवाज. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव कोल्हापूरला दत्तक गेले आणि शाहू झाले. तेच राजर्षी शाहू. सातारच्या गादीवरचे छत्रपती शाहू त्यांच्या पावणेदोनशे वर्षं आधीचे. कवळाण्याचा गोपाळ बडोद्याला जाऊन सयाजीराव झाला, आणि तोही तिसरा. गादी पुढे चालवायची म्हणून नाव पुढे चालवायचं. घराण्यासाठी ही सातत्याची खूण होती, इतिहास शिकणाऱ्या मुलांच्या वाट्याला मात्र गोंधळ आला.

चं. त्र्यं. आणि सी. के.

आता मराठी नावाची घडण पाहू, कारण हा गुंता सोडवायची किल्ली तिथेच आहे. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तीन कप्पे. 'सरवटे' एवढंच म्हटलं तर इंदुरात किती तरी घरं निघतील. 'विनायक सरवटे' म्हटलं की संख्या एकदम खाली येते. 'विनायक सीताराम सरवटे' म्हटल्यावर बहुधा एकच माणूस उरतो. प्रत्येक कप्पा म्हणजे एक चाळणी. मधलं नाव हे मुलाच्या नावात सांभाळलेलं बापाचं नाव तर आहेच, पण दोन सारख्या माणसांना वेगळं ठेवण्याचं कामही तेच करतं.

आद्याक्षरांतही हीच माहिती दडलेली असते, फक्त ती वाचायची पद्धत प्रांतागणिक बदलते. धावफलकावर सी. टी. सरवटे असतं तेव्हा पहिलं अक्षर त्यांचं स्वतःचं आणि दुसरं वडिलांचं. त्याच होळकर संघात दोन नायडू भाऊ होते, सी. के. आणि सी. एस. आपल्या सवयीने वाचलं तर दोघांचं स्वतःचं नाव 'सी'ने सुरू होतं असं वाटेल. तसं नाही. पहिलं 'सी' म्हणजे कोट्टारी (रोमनमध्ये Cottari), दोघा भावांचं सामाईक. कनकय्या आणि सुब्बण्णा ही त्यांची स्वतःची नावं दुसऱ्या अक्षरात आहेत. म्हणजे नायडूंना वेगळं करणारं अक्षर मधलं आणि सरवट्यांना वेगळं करणारं पहिलं. १९३२ साली भारताच्या पहिल्या कसोटीत नेतृत्व केलं ते सी. के. यांनी. लेगस्पिन टाकायचे ते सी. एस. एक अक्षर चुकलं की भाऊ बदलतो.

इथे मध्य प्रदेशात राहणाऱ्या मराठी घरांची एक अडचण सांगायलाच हवी. इथल्या अर्जांवर मुलाचं नाव आणि आडनाव एका ओळीत आणि 'पिता का नाम' दुसऱ्या ओळीत असतं. वडिलांचं नाव खाली येतंच आहे तर वर कशाला, म्हणून मधलं नाव गळतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर एकदा गळलं की आधार, पासपोर्ट, नोकरी, सगळीकडे ते गळलेलंच राहतं. माझं तसंच झालं. महाराष्ट्रातल्या माझ्या चुलतभावांची नावं तीन शब्दांची आहेत, आमची दोनच. एक चाळणी कमी झाली आणि आमच्या नावाची माणसं वाढली.

लिपीनेही यात हात घातला आहे. हिंदीत ळ नाही. त्यामुळे पाटीवर होळकरांचे 'होलकर' होतात, काळ्यांचे 'काले' होतात आणि मुळे आडनावाच्या माणसाला 'मुले' वाचून घ्यावं लागतं. जी दोन आडनावं मराठीत स्वच्छ वेगळी आहेत ती हिंदीत एक होतात. रोमन लिपीत उलटंही घडतं. देवनागरीत 'गायकवाड' एकच आडनाव, पण रोमनमध्ये दत्ताजीराव आणि अंशुमन गायकवाडांचं स्पेलिंग वेगळं आणि ऋतुराजचं वेगळं. यंत्राच्या लेखी ही दोन आडनावं, मराठी माणसाच्या लेखी एक.

थोरले, धाकटे, सहावी

सारख्या नावांची माणसं वेगळी कशी काढायची, यावर जगभर लोकांनी आपापली अक्कल चालवली आहे आणि आपली रीत मला त्यात फार गोड वाटते. आपण नात्याचं माप लावतो. थोरले बाजीराव, दुसरे बाजीराव. थोरले माधवराव, आणि त्यांच्या पुतण्याला सवाई माधवराव. 'सवाई' हा मान आहे आणि ओळखीची खूणही. घरातही तेच, मोठा बाळ्या आणि छोटा बाळ्या. इंग्रजांकडे सीनियर-ज्युनियर आहे आणि आपल्या खेळांनी ते उचललं.

हॉकीतलं बलबीर सिंग हे नाव घ्या. १९४८, १९५२ आणि १९५६ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवणारे, १९५२ च्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सवर एकट्याने पाच गोल करणारे ते बलबीर सिंग सीनियर. त्यांच्या नावामागे 'सीनियर' लागलं, कारण पाठोपाठ त्याच नावाचे खेळाडू येत गेले. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलेल्या भारतीय संघात तर एकाच वेळी तीन बलबीर सिंग होते. एक रेल्वेचे, एक पंजाब पोलिसांचे, एक सैन्यदलाचे. आडनाव लावायची पद्धत नाही, 'सिंग' सगळ्यांनाच, म्हणून नोकरी हीच ओळख ठरली. समालोचकाने नुसतं 'बलबीरकडून बलबीरकडे' म्हटलं असतं तर रेडिओला कान लावून बसलेल्या माणसाला काय कळलं असतं?

क्रिकेटमधलं मला सगळ्यात अवघड वाटलेलं उदाहरण आर. पी. सिंग यांचं. दोघांचंही पूर्ण नाव रुद्र प्रताप सिंग. दोघेही उत्तर प्रदेशचे. दोघेही डाव्या हाताने मध्यमगती-जलद गोलंदाजी करणारे. दोघेही भारताकडून खेळलेले. नाव, प्रांत, खेळ, काम, हात, सगळं सारखं! एकच गोष्ट वेगळी, काळ. थोरले १९६३ चे, १९८६ साली दोन एकदिवसीय सामने खेळले. धाकटे १९८५ चे, २००७ च्या टी-ट्वेंटी विश्वचषक विजेत्या संघातले. २०२४ साली मँचेस्टर कसोटीत इंग्लंडकडून बदली क्षेत्ररक्षक म्हणून हॅरी सिंग नावाचा तरुण मैदानात उतरला. तो आर. पी. सिंग यांचा मुलगा आहे हे कळल्यावर कितीतरी लोकांना २००७ चा आर. पी. आठवला. वयाचा हिशोब केला असता तर लगेच लक्षात आलं असतं की हे थोरले.

आणि चंदू सरवट्यांचे ओव्हलवरचे जोडीदार शूट बॅनर्जी? त्यांनाही असा जोडीदार होता. एस. एन. बॅनर्जी म्हणजे शूट आणि एस. ए. बॅनर्जी म्हणजे माँटू. दोघेही बंगालचे जलद गोलंदाज. दोघांच्या वाट्याला आयुष्यात एकच कसोटी आली, तीही वेस्ट इंडिजविरुद्धच्या १९४८-४९ च्या एकाच मालिकेत. माँटूंची कलकत्त्यात, शूटची मुंबईत. दोघांनीही आपापल्या त्या एकुलत्या कसोटीत पाच-पाच बळी घेतले. टोपणनावं नसती तर या दोघांना वेगळं ठेवणं फार कठीण झालं असतं. आपल्याकडच्या तात्या, नाना, भाऊ, चंदू या घरगुती नावांकडे लोक हौसेची गोष्ट म्हणून पाहतात. मला ती ओळखपत्रं वाटतात. (अर्थात तीही जुळतात. चंदू सरवटे आणि चंदू बोर्डे आहेतच, शिवाय नानासाहेब पेशवे म्हणजे पानिपताच्या वेळचे की सत्तावनचे, हा प्रश्न उरतोच.)

सगळ्यात थेट उपाय कोरियाने केला. तिथे किम, ली, पार्क ही आडनावं एवढी पसरलेली आहेत की साधारण पाचांतला एक माणूस किम असतो. तिथल्या महिला गोल्फ संघटनेत एकाच नावाच्या खेळाडू आल्या की नावापुढे आकडा लावतात. २०१९ साली अमेरिकेची मोठी यू. एस. विमेन्स ओपन स्पर्धा जिंकली ली जोंग-अन सिक्सने. संघटनेतली या नावाची ती सहावी. तिने हा आकडा अमेरिकेतही टाकला नाही, अगदी चेंडूवरही ती ६ लिहिते. एखाद्याला आकडा लागणं अपमानाचं वाटलं असतं, तिने तो मानाने मिरवला.

ब्राझीलने आपल्यासारखंच केलं, लहान-मोठं. पोर्तुगीजमध्ये 'इन्यो' लागला की लहान, 'आँव' लागला की मोठा. १९९४ च्या विश्वचषक संघात एक थोराड बचावपटू रोनाल्डो होते, ते 'रोनाल्डाँव' झाले. १७ वर्षांचा दुसरा रोनाल्डो होता, तो 'रोनाल्डिन्यो', म्हणजे छोटा रोनाल्डो. १९९६ च्या ऑलिंपिकमध्येही त्याच्या पाठीवर तेच नाव होतं, कारण संघात आणखी एक मोठा रोनाल्डो. पुढे हाच छोटा जगातला सर्वांत मोठा रोनाल्डो झाला आणि 'रोनाल्डिन्यो' हे नाव त्याच्याहून धाकट्या तिसऱ्याच खेळाडूकडे गेलं. जुने सामने पाहताना पाठीवरचं नाव वाचून फसायला होतं ते यामुळे.

अमेरिकेतल्या अभिनेत्यांच्या संघटनेने तर दोघांना एक नाव वापरायची सोयच ठेवली नाही. आधी आलेल्याचं नाव त्याचं, नंतरच्याने बदलायचं. मायकल कीटनचं जन्मनाव मायकल डग्लस. त्या नावाचा नट आधीच होता, म्हणून तो कीटन झाला.

याच्या उलट एक अडचण आहे आणि ती बहुतेक बायकांच्या वाट्याला येते: एकच माणूस, दोन नावं. टेनिसमध्ये एकेरीची २४ ग्रँड स्लॅम विजेतेपदं मिळवणाऱ्या मार्गारेट कोर्ट यांची सुरुवातीची विजेतेपदं मार्गारेट स्मिथ नावाने नोंदलेली आहेत. आपल्याकडे तर लग्नात आडनावाबरोबर पहिलं नावही बदलायची चाल होती. माझ्या आजीच्या शाळेतल्या बक्षिसावरचं नाव घरातल्या कुणालाच ओळखू येत नव्हतं. ते तिचंच आहे हे तिने सांगितलं तेव्हा कळलं.

चूक कुठे महागात पडते

बस स्टँडच्या पाटीवरून गैरसमज झाला तर फार काही बिघडत नाही, असं कुणी म्हणेल. म्हणून आत्याची गोष्ट सांगतो. आत्या ७१ वर्षांची. तिचं नाव आणि आडनाव दोन्ही आमच्या भागात घरोघरी. एका तपासणी केंद्रात रक्त देऊन आली, संध्याकाळी अहवाल आला, त्यात साखर भलतीच वाढलेली. घरात गोड बंद झालं, रात्रभर कुणाला झोप नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कागद हातात घेतला, आकड्यांकडे पाहायच्या आधी वरच्या कोपऱ्यात पाहिलं आणि विचारलं, "आजी, तुमचं वय ३४ आहे का?" त्याच दिवशी त्याच नावाची दुसरी बाई तिथे येऊन गेली होती. तिचा कागद आमच्याकडे आला होता आणि आमचा बहुधा तिच्याकडे. म्हणजे ज्या बाईला औषधाची गरज होती तिला सगळं ठीक आहे असं कळलं होतं. आम्ही धावत जाऊन ते दुरुस्त करून घेतलं.

चांगल्या रुग्णालयात नर्स औषध देताना नाव आणि जन्मतारीख किंवा नाव आणि नोंदणी क्रमांक अशा दोन गोष्टी ताडून पाहते, ती याचसाठी. एका खुणेवर विसंबायचं नाही हा रुग्णसुरक्षेचा पहिल्या काही नियमांतला नियम. आत्या आता कुठल्याही खिडकीवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख एका दमात सांगते.

यंत्र कसं ओळखतं?

विश्वकोश आणि संकेतस्थळं हे काम दोन प्रकारे करतात. पहिला प्रकार नावापुढे खूण लावायचा. मराठी विकिपीडियावर एका नावाच्या अनेक लेखांसाठी एक वाटाड्या पान असतं, त्याला 'निःसंदिग्धीकरण' म्हणतात. शब्द जड आहे, काम सोपं: हे पान तुम्हाला विचारतं, "कोणते?" ग्रंथालयंही फार पूर्वीपासून लेखकाच्या नावापुढे जन्मवर्ष लिहीत आली आहेत.

दुसरा प्रकार म्हणजे नावाच्या मागे आकडा ठेवायचा. नाव माणसांसाठी, आकडा यंत्रासाठी. आधारचे १२ अंक हे आपल्या रोजच्या ओळखीचं उदाहरण. त्यातला शेवटचा अंक आधीच्या ११ अंकांवरून हिशोबाने काढलेला असतो, त्यामुळे एखादा अंक चुकीचा टाकला तर यंत्राला लगेच कळतं. नावात अशी सोय नाही. संशोधकांसाठी २०१२ पासून ऑर्किड नावाचा १६ अंकी क्रमांक आहे, कारण एका नावाच्या दोन शास्त्रज्ञांचे शोधनिबंध एकमेकांच्या खात्यावर जात होते.

पण बातमीत किंवा जुन्या लेखात आकडा नसतो, नुसतं नाव असतं. तिथे यंत्र आजूबाजूचे शब्द पाहतं. 'सरवटे'च्या शेजारी ओव्हल, भागीदारी, लेगब्रेक असे शब्द असतील तर चंदू. संविधान सभा, मध्य भारत असतील तर तात्या. शेजारचे शब्द, साल, गाव अशा खुणा एकत्र करून ते अंदाज बांधतं. आणि खुणा अपुऱ्या असतील तर? तर ते बहुधा जास्त प्रसिद्ध माणसाकडे कलतं. मायकल जॉर्डन म्हटलं की बास्केटबॉलपटू येतो. त्याच नावाचे एक मोठे संगणकशास्त्रज्ञ बर्कलीच्या विद्यापीठाशी जोडलेले आहेत, पण त्यांच्यापर्यंत पोहोचायला आणखी दोन शब्द टाकावे लागतात. नट मायकल बी. जॉर्डन मधलं 'बी' न विसरता लावतो, त्याचं कारणही हेच.

भाच्याचा फोन नेमका इथे घसरला. आडनाव आणि गाव या दोन खुणा दोन्ही सरवट्यांना लागू पडतात. चाळणीच्या भोकातून दोघेही खाली आले, आणि ज्यांच्याबद्दल जास्त लिहिलं गेलंय ते वर दिसले. क्रिकेटबद्दल फार लिहिलं जातं, संविधान सभेतल्या एकेका सदस्याबद्दल फार कमी. मग पुढचा लिहिणारा तेच उचलतो, यंत्र तेही वाचतं आणि अंदाज आणखी पक्का होतो. माणूस पुसला जातो तो असा, कुणाच्याही वाईट हेतूशिवाय.

चंदू सरवट्यांबद्दल एक गोष्ट भाच्याला मी मुद्दाम शेवटी सांगितली. ते वकिली शिकलेले होते आणि बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ होते. ही विद्या आपल्याच देशात रुजलेली. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय सुरू झालं आणि ठशांचं वर्गीकरण बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचा मोठा वाटा होता. पुढे १९०३ साली अमेरिकेतल्या लेव्हनवर्थ तुरुंगात विल वेस्ट नावाचा कैदी आला, तर तिथे विल्यम वेस्ट नावाचा कैदी आधीच होता. नाव जवळजवळ तेच, चेहरा तसाच, हाडांची मापंही जुळणारी. ठसे मात्र वेगळे. आईच्या पोटात असतानाच बोटांवर या रेषा उमटतात आणि जुळ्या भावंडांच्याही सारख्या नसतात. ज्यांच्या नावाचा असा घोळ होतो, त्या माणसाची विद्या एका माणसाला दुसऱ्यापासून वेगळं ओळखण्याची होती.

भाचा थोडा वेळ गप्प राहिला. स्टँडचा फोटो त्याने आधीच मित्रांना पाठवला होता, खाली लिहिलं होतं 'चंदू सरवटे स्टँड'. त्याने ते पुसलं. मला विचारून विचारून, एकेक अक्षर नीट बघत, नवं टाकलं: "विनायक सीताराम सरवटे. ओव्हलवाले ते चंद्रशेखर त्र्यंबक." मग फोन माझ्यापुढे धरून म्हणाला, "मामा, त्र्यंबक बरोबर लिहिलंय ना?"